जुना पुर्जा मालकाचा

सबूत मिस्त्रींनी तुमच्या गाडीचा एखादा भाग बदलला, की जुना भाग ते तुम्हाला परत करत. नुसता परत नाही. रॉकेलने धुऊन, फडक्याने कोरडा करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून सुतळी बांधून. आणि मग ते पुडकं दोन्ही हातांनी, पुजारी प्रसाद देतो तसं, पुढे करत. "अहो, याचं मी काय करू? भंगारात टाका," असं कोणी म्हटलं तर ते चिडत नसत, पण पुडकं मागेही घेत नसत. "जुना पुर्जा मालकाचा," म्हणत. "नवा टाकला हे तुमी माह्या तोंडून काहून मानता? जुना हातात आला, तं माना." त्यामुळे त्या काळात बालाघाटात ज्यांच्या घरी गाडी होती, त्यांच्या घरी एका फळीवर किंवा कोनाड्यात अशी गंजकी पुडकी साठलेली असत. आमच्याकडेही होती. दिवाळीच्या आवराआवरीत आई त्या पुडक्यांच्या आणि मिस्त्रींच्या नावाने खडे फोडायची, आणि मग झटकून पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

‘सबूत’ हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. बाबा वकील. कोर्टात साक्षीदार फिरतात, कागद गहाळ होतात, पण हा एक माणूस प्रत्येक वेळी पुरावा हातात आणून ठेवतो, असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत. गावाने नाव उचललं. पुढे तर त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर त्यांच्या शेजारच्या चहावाल्यालाही सांगता आलं नसतं. मी त्यांना मिस्त्रीमामा म्हणत असे, आणि ते मला बेबीबाई. बेबी हे माझं घरातलं नाव. आता साठी उलटली तरी ते मला चिकटून आहे.

मामा मूळचे लांजीकडचे. उकव्याच्या खाणीत मँगनीजच्या ट्रकांवर हात बसला, आणि मग बालाघाटात रेल्वे फाटकाजवळ, मोहाच्या झाडाखाली त्यांनी टिनाचं शेड टाकलं. अंगाने किडकिडीत, डोक्याला नेहमी एक पंचा गुंडाळलेला, आणि हातात तिवसाच्या लाकडाची एक सरळ, गुळगुळीत काडी. ती काडी म्हणजे त्यांचा स्टेथोस्कोप. इंजिन चालू ठेवून काडीचं एक टोक ते लोखंडाला लावत, दुसरं कानात, आणि डोळे मिटून उभे राहत. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. आमचे सरकारी डॉक्टर एकदा म्हणाले, "मिस्त्री, एवढं लक्ष देऊन मी माणसाचं ऐकलं असतं तर अर्धा जिल्हा बरा झाला असता." मामा डोळे न उघडता म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमचा पेशंट बोलून दाखवते. माह्या बोलत नाई."

आमची गाडी बाबांनी उकव्याच्याच एका खाणसाहेबाकडून घेतली होती. साहेब बदली होऊन कलकत्त्याला निघाला, गाडी नेणं परवडणार नव्हतं. काळी, पोट सुटलेली, आत कातड्याचा वास येणारी गाडी. बाबांनी व्यवहार पक्का करण्याआधी मामांना नेलं. अर्धा दिवस मामा तिच्याभोवती काडी घेऊन फिरले, खाली झोपले, वर आले, पुन्हा झोपले. शेवटी म्हणाले, "गाडी चांगल्या घरची हाय. पन सवतीच्या लेकरासारखी वाढली हाय. लाड करा लागंल." ते लाड मग त्यांनीच केले. रविवारी सकाळी गाडी धुवायच्या निमित्ताने ते घरी येत, व्हरांड्याच्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत, आणि बाबा खुर्चीत पेपर वाचत. दोघांत फारसं बोलणं होत नसे. पण एखाद्या रविवारी मामा आले नाहीत, की बाबा पेपर दोनदा उलटत आणि आईला विचारत, "आज मिस्त्री कसे नाहीत आले?" बाबा त्यांना ‘तुम्ही’ म्हणत. त्या काळच्या वकिलाने मिस्त्रीला तुम्ही म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती. मला त्याचा फार अभिमान वाटे.

नट आवळून झाला की मामा कमरेची तंबाखूची डबी काढत, चुन्यात गाडीच्या तेलाचा थेंब कालवत आणि करंगळीने त्या नटावर ठिपका देत. ठिपका दिसला म्हणजे मिस्त्रींनी तो नट स्वतः आवळला. ठिपका नसलेल्या नटाची जबाबदारी ते घेत नसत. बोनेट उघडलं की आतून आमची गाडी देवीच्या फोडांनी भरल्यासारखी दिसायची. दसऱ्याला आई गाडीला हळदकुंकू लावायची, तेव्हा म्हणायची, "मी कशाला लावू? तिला मिस्त्रीने आधीच मळवट भरलाय."

मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. बालाघाटात मुलगी सायकलवर बसली तरी लोक वळून पाहत, मग गाडी तर विचारूच नका. आईचा विरोध होता, पण बाबा म्हणाले, शिकू दे. पहाटे फाटकापलीकडच्या मैदानावर मामा मला घेऊन जात, आणि शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेला पितळी गडवा ठेवून स्वतः मागे बसत. पाणी सांडलं की उतरायचं, गडवा भरून आणायचा, पुन्हा सुरुवात. पहिल्या आठवड्यात सीट वाळलीच नाही. "बेबीबाई, बिरेक पायात नसते," ते मागून सांगत, "बिरेक डोयात असते. जे दिसलं, त्याच्या आधीच थांबा लागते." महिन्याभराने मी गडवा न सांडता मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. त्यांनी गडवा उचलला, त्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं. आता तुमी मानसं बसवा." मला आजवर मिळालेल्या कुठल्याही पदवीपेक्षा ते प्रमाणपत्र मी वरचं मानते.

आणि एक त्यांचा नियम होता, ज्याच्यावर हे सगळं येऊन फुटलं. ते लोखंडाला मारत नसत. गंजलेला सांधा सुटत नसला की इतर मिस्त्री हातोडी घेतात. मामा त्यावर रॉकेल सोडत, फडकं गुंडाळत आणि रात्रभर तसाच ठेवत. "लोखंड तुमच्याहून म्हातारं हाय. त्याले मारू नोका, समजावून सांगा." गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, लोखंड समजेपर्यंत त्याला बसावं लागे.

त्या वर्षी नवरात्रात चाकाकडच्या एका सांध्याचं रबर फाटलं. स्टिअरिंगचा दांडा जिथे पुढच्या चाकाला जोडलेला असतो, तिथला तो मुठीएवढा सांधा. रबर बदलायला सांधा सोडवावा लागतो, आणि तो काही केल्या सुटेना. मामा रॉकेल घालून उद्या येतो म्हणाले. बाबांना दुसऱ्या दिवशी बैहरच्या कोर्टात उभं राहायचं होतं. ते व्हरांड्यातून ओरडले, "मिस्त्री, तुमचं समजावणं आटपा आता. मला पहाटे निघायचंय." मी अंगणात तुळशीपाशी उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळल्यासारखं हसले, आणि हातोडी घेऊन दोन घाव घातले. फार जोराचे नाहीत. सांधा सुटला. नवीन रबर चढलं, नट आवळला, ठिपका दिला. मग काडी लावून बराच वेळ ऐकत बसले. "काई बोलत नाई," म्हणाले. "बरी हाय."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बाबा आईला घेऊन बैहरला तिच्या मावसबहिणीकडे निघाले. घाटात, उतारावर, बाबांच्या हातातलं स्टिअरिंग एकाएकी रिकामं फिरायला लागलं. गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि सालाच्या झाडावर आदळली. बाबांचं खरचटण्यावर निभावलं. आईचा उजवा हात दरवाज्यात चिरडला. नागपूरच्या इस्पितळात ती दीड महिना होती. हात राहिला, पण खांद्यापासून निर्जीव राहिला. पोळ्या, वेणी, ओवाळणं, सगळं डाव्या हातावर आलं.

अपघातानंतर चौथ्या दिवशी मामा आमच्याकडे आले. घाटात उतरून, ट्रकला दोर लावून गाडी त्यांनीच वर काढली होती. हातात पुडकं होतं. बाबा आदल्या रात्रीच नागपूरहून आले होते. ते व्हरांड्यात बसले होते, दोन पक्षकार होते, मुंशी होता. मामांनी दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं. बाबांनी घेतलं नाही. मग त्यांनी सुतळी सोडून ते पायरीवर उघडलं आणि दोन तुकडे झालेला तो सांधा दाखवला.

"साहेब, नट जाग्यावर हाय. चुना बी हाय, पाहा. लोखंडच फुटलं. हे असं अंदरून काळं हाय न, इथं पोकळी होती, वतलं तवाची. हे कंपनीचं पाप हाय साहेब."

बाबा हसले. ते कोर्टात असं हसत. "कंपनीचं? कंपनी एवढ्या गाड्या करते. सगळ्या नीट चालतात, आणि माझीच तेवढी फुटते होय?"

मामांनी एक तुकडा उजेडाकडे धरला.

"हा सांधा शेवटचा कोणी उघडला?"

"म्या, साहेब."

"हातोडी मारलीस?"

‘मारलीस.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मामांनी मान वर केली. ते त्या शब्दावरच अडकले असावेत. तेवढ्यात बाबांनी आत पाहून हाक मारली, "बेबी, इकडे ये. तू अंगणात होतीस त्या दिवशी. घाबरू नकोस, जे पाहिलं तेवढंच सांग. याने हातोडी मारली की नाही?"

मी वकिलाची मुलगी. खरं बोलायचं, पाहिलं तेवढंच बोलायचं, हे माझ्या हाडीमासी मुरलेलं. मी म्हटलं, "दोनदा."

मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई खोटं नाई बोलत, साहेब. दोन मारले."

"लोखंडाला मारू नये म्हणून गावभर सांगतोस, आणि माझ्या गाडीला मारतोस. तिथेच तडा गेला. आणि तडा तुझ्या त्या काडीला ऐकू आला नाही." मामांनी तुकडे पुन्हा गुंडाळून सुतळी बांधली. बाबांनी मुंशीला पुडकं उचलायला सांगितलं. "ठेवा आत. जा तू."

मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे मी लपवत नाही. आईसाठी मी काहीतरी केलं असं मला वाटलं. दिवाळीच्या तोंडावर मामा पुन्हा एकदा आले, आईची विचारपूस करायला. पंच्यात सीताफळं बांधून आणली होती. मी दारातच त्यांना म्हटलं, "आईचा हात तुम्ही घालवलात, मामा. आता कशाला येता?" त्यांनी सीताफळं पायरीवर ठेवली, पंचा झटकून डोक्याला गुंडाळला आणि गेले. सीताफळं मी गाईला घातली.

गावात ती गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सबूत मिस्त्रीच्या हातून वकिलीणबाईंचा हात गेला. डॉक्टरांची गाडी गोंदियाला जायला लागली, कंत्राटदारांची तिच्यामागून. उन्हाळ्यापर्यंत फाटकाजवळच्या शेडचे टिन कोणीतरी उतरवून नेले होते. मामा लांजीला गेले असं कळलं. मला वाईट वाटलं नाही. आई डाव्या हाताने पोळी लाटताना लाटणं निसटलं, की म्हणायची, "त्या मेल्या मिस्त्रीचं वाटोळं होवो." आणि बाबा उठून पोळपाट धरत.

बाबांनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. आईचं मात्र त्यांनी जे केलं, ते त्या पिढीतल्या पुरुषाने केल्याचं मी पाहिलेलं नाही. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी ते तिची वेणी घालत. आधी गुंता व्हायचा, मग शिकले. मी मैत्रिणींना सांगायचे, प्रेम बघायचं तर आमच्या घरी या. मी तेच उराशी धरून होते. म्हणून पुढचं मला अजून पचत नाही.

सात वर्षांनी बाबा गेले. वकिलाच्या घरी माणूस गेल्यावर कागद उरतात. लाल फडक्यात बांधलेले बस्ते कपाटभर होते. बाबांचं एक वाक्य होतं, "कागद फाडू नये. आज मुका असतो, उद्या बोलतो." आयुष्यात त्यांनी धोब्याची चिठ्ठीसुद्धा फाडली नाही. आलेल्या प्रत्येक कागदावर ते लाल पेन्सिलने तारीख घालून सही करत आणि महत्त्वाच्या ओळीखाली रेघ ओढत. मी एकेक बस्ता सोडून पाहत होते. एकावर लिहिलं होतं, ‘गाडी’. आत सगळ्यांत खाली मामांचं ते पुडकं होतं, सुतळीची गाठसुद्धा मामांचीच. आणि त्याच्या वर एक पत्र.

पत्र गाडीच्या कंपनीचं होतं, इंग्रजीत. खाणसाहेबाच्या नावाने उकव्याच्या पत्त्यावर आलेलं, आणि खाणीच्या ऑफिसने तिथून आमच्याकडे पाठवलेलं. त्यात लिहिलं होतं की अमुक नंबरपासून अमुक नंबरपर्यंतच्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकाच्या सांध्यांची एक खेप सदोष ओतली गेल्याचं आढळून आलं आहे. काही ठिकाणी ते सांधे चालत्या गाडीत तुटले आहेत. मालकांनी गाडी नागपूरच्या विक्रेत्याकडे आणावी, सांधा विनामूल्य बदलून मिळेल. तोपर्यंत गाडी चढ-उताराच्या रस्त्यावर नेऊ नये. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

गैरसोय! आईचा हात ही त्यांची गैरसोय. आणि पत्र लिहिलं कोणाला, तर मालकाला. जो माणूस गाडीखाली झोपत होता, ज्याने नुसतं ऐकलं असतं तरी रातोरात नागपूर गाठलं असतं, त्याला कळवावं असं त्या शहाण्यांना वाटलं नाही. पण कंपनीवर मी किती रागावणार? कंपनी माझी कोणी नव्हती. ‘चढ-उताराच्या रस्त्यावर नेऊ नये’ या ओळीखाली लाल पेन्सिलच्या दोन रेघा होत्या. वरच्या कोपऱ्यात बाबांची सही आणि तारीख, श्रावणातली, अपघाताच्या अडीच महिने आधीची. आणि समासात त्यांच्या टपोऱ्या मराठी अक्षरात एकच शब्द लिहिला होता: ‘दिवाळीनंतर’.

गाडी चार दिवस नागपूरला सोडायची म्हणजे बैहरची कामं खोळंबणार, एवढंच कारण असणार. माणूस चालढकल करतो. मीही करते. ती मी माफ केली असती. पण पायरीवर मामा जेव्हा ‘कंपनीचं पाप’ म्हणाले, तेव्हा ते पत्र आत कपाटात होतं, आणि बाबांना ते ओळ न् ओळ पाठ होतं. त्यांनी आईला काय सांगायचं हे तेव्हा ठरवलं. आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून मला उभं केलं. माझा खरेपणा त्यांनी खोट्याला टेकू म्हणून वापरला. बाबा, तुम्ही गेल्यावर मला तुमच्याशी भांडावं लागतंय, याचाही मला राग येतो.

पत्र आणि पुडकं घेऊन मी लांजीच्या बसमध्ये बसले. बसस्टँडमागे विचारत गेले, तर एका मांडवात तीन-चार पाण्याची इंजिनं उघडून पडलेली, आणि त्यात मामा. केस पांढरे झाले होते. पंचा तोच. मी म्हटलं, "मामा, मी बेबी. बालाघाटच्या वकिलांची." त्यांनी फडक्याने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

"बसा. मायचा हात कसा हाय?"

तोच पहिला प्रश्न. मी कसंबसं सांगितलं, तसाच आहे. बाबा गेल्याचंही सांगितलं. ते त्यांना कळलं होतं. तेवढ्यात एक बाई सायकल ढकलत आली, मागचं चाक डगमगत होतं. मामांनी तिला हातानेच पुढचं दुकान दाखवलं. मी विचारलं, "सायकल करत नाही तुम्ही?"

"नाई. ज्याच्यावर मानूस बसते, त्याले म्या हात लावत नाई आता. हे इंजिन बिघडलं तं वावरात पानी येत नाई. तेवढंच नुकसान."

मी पत्र काढलं आणि वाचून मराठीत सांगितलं. हळूहळू, एकेक वाक्य. ते डोळे मिटून ऐकत होते, काडी लावून ऐकत तसे. मी थांबले तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"तारीख कवाची हाय?"

"श्रावणातली. अपघाताच्या आधीची."

"आनं हे लाल?"

"बाबांचं आहे."

"म्हंजे वाचलं होतं त्याइनं."

"हो, मामा."

कोणीतरी पलीकडे बादली आपटली. मामांनी समोरचा एक नट उचलला, फिरवला, खाली ठेवला.

"सात वर्सं झाली, बाई. रोज ते दोन हातोडे मारून राह्यलो मी. जेवता-जेवता हात थांबते माह्या." मग म्हणाले, "फुटलं ते म्या डोयानं पाह्यलं होतं. पोकळी दिसत होती. पन साहेब म्हनले, तुह्या हातोड्यानं झालं. म्या म्हनलं, एवढा शिकलेला मानूस, मले तुमी-तुमी म्हननारा मानूस, तो काहून खोटं बोलंल? म्या माह्या डोयावर भरोसा नाई ठेवला. त्याइच्यावर ठेवला."

मी रडत होते. म्हटलं, "मामा, मी तेव्हा..."

"तुमी खरंच बोलल्या होत्या. दोन मारले होते." ते हे रागाने म्हणाले नाहीत. समजूत घालायलाही नाही. त्यामुळेच मला ते कुठे ठेवावं कळेना.

मग त्यांनी पुडकं सोडलं. सात वर्षांत सांध्यावर गंज चढला होता, पण नटावर चुन्याचा पिवळट डाग होता. त्यावरून त्यांनी करंगळी फिरवली. दोन्ही तुकडे रॉकेलमध्ये धुतले, फडक्याने कोरडे केले, नवा कागद शोधला, गुंडाळून सुतळी बांधली. आणि उठून, दोन्ही हातांनी, पुडकं माझ्यापुढे धरलं.

"मामा, हे तुमच्याकडे राहू द्या. तुमचं आहे हे."

"नाई. जुना पुर्जा मालकाचा."

मी ते घेतलं. ते बसपर्यंत पोचवायला आले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं वाचून दाखवलं. तिला सांगू नये असं माझ्या मनात आलं होतं, पण घरात न सांगण्याचा जो प्रकार झाला तो मला पुरे झाला होता. आईने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"रोज वेणी घालायचे माझी," ती म्हणाली. मग पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "मिस्त्रीला जेवायला बोलाव. या रविवारी. दिवाळीनंतर नको."

लांजीच्या बसच्या ड्रायव्हरकडे मी चिठ्ठी दिली आणि वाचून दाखवायला सांगितलं. रविवारी आईने डाव्या हाताने पुरण वाटलं, मला हात लावू दिला नाही. ताट व्हरांड्यात नाही, आत देवघरासमोर मांडलं, पाटाभोवती रांगोळी काढली. दुपारची बस आली. ड्रायव्हर आमच्या घराच्या फाटकातूनच बोलला.

"नाई आला जी मिस्त्री. म्हने, सांग, सवड नाई. खरंच नोती. सायकलीचं चाक बसवून राह्यलता. शाळेतली एक पोरगी उभी होती बाजूले."

आईने ताटावर दुसरं ताट झाकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते तसंच राहू दिलं.